नववा ठोका

बाबांच्या खुर्चीवर मी बसावं असं राजकुमारने सुचवलं, तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. राजकुमार बाबांचा जुना विद्यार्थी. मोताळ्याला त्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, आणि बुलडाण्यात बॉक्सिंगच्या लढती तोच भरवतो. या वर्षी पहिल्यांदाच व्यावसायिक लढतींतले दोन राष्ट्रीय किताब जिल्ह्यात लढले जाणार होते.

"सागर आपल्या मोताळ्याचा हाये, ताई. त्याची किताबाची लढत, अन् टाइम भलतंच कोनी पाहीन? सरांले कसं वाटन?"

सरांना, म्हणजे बाबांना, जाऊन अडीच महिने झाले होते.

नीळकंठ सर शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि तीस वर्षं टाइमकीपर. लोकांना ते काम घंटा वाजवण्याचं वाटतं. खरं काम बॉक्सर पडल्यावर सुरू होतं. तो पडला त्या क्षणापासून टाइमकीपर रिंगच्या लाकडी कडेवर तळहाताने सेकंदाला एक ठोका देतो. रेफरी दुसऱ्या बॉक्सरला कोपऱ्यात पाठवून येतो आणि त्या ठोक्यांवरून मोजणी उचलतो. पडलेला लगेच उठला तरी आठपर्यंत मोजायचंच. दहाला लढत संपते.

लढतींच्या आधी आठवडाभर बाबा घरात सराव करायचे. जेवताना फरशीवर, सोफ्याच्या हातावर, उभ्या स्कूटरच्या सीटवर. घड्याळाकडे न बघता आठ ठोके, मग घड्याळ बघायचं. नऊ आणि दहा घरात मोजायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता. आईला तो आवाज ऐकूच येईनासा झाला होता. मी शिकले तीही तशीच, त्यांच्या समोर बसून. टाइमकीपरची परीक्षाही दिली होती.

बाबा गेले त्या सकाळी आई उंद्रीला मावशीकडे गेली होती. मी अकोल्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सुट्टीला घरी आले होते. बाबा आंघोळीला गेले. थोड्या वेळाने न्हाणीघरातून ठोके आले, फरशीवर, तळहाताचे. पुढच्या रविवारी जालन्याला लढती होत्या. कोथिंबीर निवडता निवडता मी मनात मोजले. आठ झाले आणि मी चटणीसाठी मिक्सर सुरू केला. नंतर कपड्यांचं मशीन लावलं. अर्ध्या तासाने शेजारच्यांनी दार तोडलं. बाबा कुशीवर पडले होते, उजवा हात दाराकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "हाक मारली होती का त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले. हाक मारली नव्हती.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगते, कोणाला तसदी न देता गेले, आवाजसुद्धा केला नाही. तेवढ्यावर ती उभी आहे. मीही एका गोष्टीवर उभी होते. ठोके आठच होते. आठव्यानंतर बाबा उरले नव्हते. तसं असेल तर मिक्सरने काहीच बिघडलं नव्हतं.

चिखली रस्त्यावरच्या एका लॉनवर रिंग उभारली होती. जानेवारीतली दुपार. लग्नाच्या खुर्च्यांना अजून सॅटिनच्या खोळी होत्या, बाजूच्या शेतातून हरभऱ्याचा आंबूस वास येत होता. लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, त्यावर जाड नमदा आणि कॅनव्हास. खालचा भाग चारी बाजूंनी निळ्या कापडाने झाकलेला. मी खुर्चीवर बसून कडेवर हात आजमावला. आठ ठोके दिले आणि थांबले.

खालून एक ठोका आला.

रिंग बसवणारा तुळशीराम तिथेच दोर आवळत होता. मी सांगितल्यावर तो कापड उचलून आत शिरला, टॉर्च फिरवून गुडघे झटकत बाहेर आला.

"काही नाही बा, ताई. पाइप हाये अन् वायरचं भेंडोळं हाये. एखांदी फळी बसली असन."

"पुन्हा बघता का?"

"बघतो ना. पन उंदराले बॉक्सिंग येत नाही," तो म्हणाला, आणि खरंच पुन्हा वाकून आला. काही नव्हतं.

साडेपाचला लढती सुरू झाल्या. माझ्या शेजारी जयमाला बसली होती, गुणांचे कागद गोळा करणारी. तिसऱ्या लढतीत नाशिकचा एक मुलगा पडला. मी ठोके सुरू केले. पाचला तो उठला, आणि माझा हात वरच राहिला. तळव्याखालचं लाकूड गार आणि ओलसर लागलं होतं, नुकत्याच धुतलेल्या फरशीसारखं. मी सहावा दिला नाही. सातवा आणि आठवाही नाही. रेफरी मात्र बिनचूक आठपर्यंत मोजून गेला.

लढत संपल्यावर मी रेफरी हरिओमजींची माफी मागितली. ते नागपूरचे, बाबांबरोबर कितीतरी लढतींना उभे राहिलेले.

"माफी कशाची? सहा, सात, आठ बरोबर मिळाले मले. तुमचा ठोका पायाले लागते, ताई. सरांचा लागायचा तसाच."

मी खुर्चीवर परतले. कडेवर रुमाल टाकला. रुमाल कोरडाच राहिला.

महिलांचा किताब आधी झाला. ती लढत कोणी न पडता दहा राउंड चालली. मग सागर आला. मोताळ्याची माणसं खुर्च्यांवर चढली. "मोसंबी दाखव त्याले, साग्या," कोणीतरी ओरडलं. सागरच्या उजव्या ठोशाला गावात मोसंबी म्हणत. समोर हरियाणाचा लांब हातांचा मुलगा होता. सहा राउंडपर्यंत सागर पुढे होता. जयमालाच्या कागदावरून ते मला दिसत होतं.

सातव्या राउंडला पन्नास सेकंद झाले असताना त्याच्या कानशिलावर ठोसा बसला आणि तो एका बाजूने, कुशीवर पडला. कान कॅनव्हासला टेकलेला. माझ्यापासून हातभर अंतरावर.

मी ठोके दिले. एकही चुकवला नाही. हरिओमजी तीनला मोजणीत आले. सहाला सागर गुडघ्यावर, आठला उभा. हरिओमजींनी त्याचे ग्लोव्हज पुसले, पुढे चालत ये म्हणाले. तो चालत आला. लढत पुन्हा सुरू झाली.

मी हात उचलला नव्हता. तळव्याखाली नववा ठोका लागला.

मग दहावा.

"जयमाला, तुला ऐकू येतंय?"

"काय?" ती सागरकडे बघत होती. "लढून राह्यला ना चांगला."

अकरा. बारा. हळू नाही, घाईत नाही. प्रत्येक ठोका खालून वर, माझ्या हातात. सागर ठोसे मारत होता. लोक ओरडत होते. त्याचा डावा हात जरा खाली होता, पण दमलेल्या सगळ्यांचाच असतो.

सोळा. सतरा.

राउंड संपायला पावणेदोन मिनिटं बाकी होती. लढत थांबवण्याचा अधिकार टाइमकीपरला नसतो. बाबांनी तीस वर्षांत एकदाही घंटा एक सेकंद अलीकडे वाजवली नव्हती.

मी घंटा वाजवली.

हरिओमजी वळून माझ्याकडे बघत राहिले. "टाइम बाकी आहे, ताई."

"डॉक्टरांना बोलवा," मी म्हणाले.

पाण्याची बाटली माझ्या खांद्याला लागली. मोताळ्याची माणसं टेबलापर्यंत आली. "किताब घालवला बाईनं," कोणी म्हणालं. राजकुमार मला काही विचारणार, तेवढ्यात स्टुलावर बसलेला सागर कडेला कलला आणि कोणाच्याच हातात न येता खाली घसरला.

त्याच रात्री अकोल्याला त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली. आणखी एक राउंड झाला असता तर आणून उपयोग नव्हता, असं सर्जन म्हणाले. राजकुमारने फोनवर विचारलं, "तुम्हाले समजलं कसं, ताई?"

"डावा हात पडला होता," मी म्हणाले.

आईने ते शेजारी सगळ्यांना सांगितलं. वडिलांची नजर घेतली पोरीनं, म्हणाली. मी तिला चहा करून दिला.

तिसऱ्या दिवशी सागरला बघायला गेले. त्याची आई पुष्पाबाई उशाशी बसली होती. तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मला ते सोडवून घेता आले नाहीत.

सागर झोपला होता. पलंगाच्या लोखंडी दांडीवर त्याच्या उजव्या हाताचं एक बोट आपटत होतं. मी बघितल्याबरोबर ते थांबलं.

"झोपेत करते तसं," पुष्पाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हंते, नसा हायेत, बसतीन जागेवर. थोड्या वेळानं थांबते, मंग पहिल्यापासून. दर खेपेले तेवढंच."

"तेवढंच म्हणजे किती?"

"आता मी काय घड्याळ लावलं, माय?"

बोट पुन्हा सुरू झालं. माझा हात सवयीने घड्याळाकडे गेला आणि मी बटण दाबलं. सेकंदाला एक. आठ झाले. नऊ झाले.

पुष्पाबाई तिच्या जावेबद्दल, एसटीच्या गर्दीबद्दल बोलत होती. मी हो, हो म्हणत होते. दोन मिनिटं. पाच मिनिटं. नर्स येऊन सलाइन बदलून गेली. नऊ मिनिटं झाली तरी बोट चालू होतं.

अकराव्या मिनिटाला ठोके विरळ झाले.

"हे पाहा, आता शेवट शेवट आला," पुष्पाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "आता ठोकनार नाही."

बोट दांडीवर आडवं झालं. मग नख लोखंडावर हळूहळू ओढलं गेलं, खालून वर. पुन्हा खालून वर. आतून दाराची कडी शोधावी तसं.