उजव्या हाताची पकड

आम्ही दोघी बहिणी एकाच रुग्णालयात भूलतज्ज्ञ. मी तिथे अकरा वर्षं, धाकटी दोन. श्वासावाटे दिलेल्या भुलीनंतर हातात ताकद किती वेळात परत येते, यावर विभागात संशोधन चाललं होतं. शुद्धीवर आलेल्या पेशंटच्या मुठीत एक छोटं यंत्र द्यायचं, दाबायला सांगायचं आणि काटा कुठवर जातो ते लिहायचं. कल्पना माझी. शोधनिबंधावर विभागप्रमुख सरांनी पहिलं नाव घातलं धाकटीचं. तिची मांडणी जास्त चांगली आहे म्हणाले. मी चारचौघांत तिचं कौतुक केलं. पोटात मात्र दुखत राहिलं.

त्याच आठवड्यात माझ्या एका पेशंटला उजवा हात उचलता येईना. मग आणखी एकाला. पंधरवड्यात सहा जण झाले. ऑपरेशन कुणाचं गुडघ्याचं, कुणाचं पोटाचं. नसांच्या तपासण्या ठीक आल्या. मी मशीन बदललं, गॅस बदलला, धाकटीच्या थिएटरमध्येही काम करून पाहिलं. तिचे पेशंट ठणठणीत, माझ्या पेशंटांचे हात लुळे.

संध्याकाळी ते हात आपोआप पूर्ववत व्हायचे. वॉर्डातल्या सिस्टरनं वेळा लिहून ठेवल्या होत्या. कागद माझ्यापुढे सरकवत ती चाचरत म्हणाली, "मॅडम, तुम्ही घरी जायला निघता ना, त्याच सुमाराला होतं हे."

मी हसण्यावारी नेलं. पण मी रजेवर होते त्या चार दिवसांत एकाचाही हात गेला नाही.

मग धाकटीच्या पित्ताशयात खडे निघाले. भूल ताईनंच द्यायची, असा हट्ट तिनं सरांसमोर धरला. सर तिच्याकडे बघून हसले. मी नाही म्हणायला हवं होतं. तिच्या तोंडावर मास्क धरताना माझ्या मनात काय आलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी ती शुद्धीवर आली. उजव्या मुठीत यंत्र दिलं. काटा हललाच नाही.

मी तडक घरी गेले. तासाभरानं सिस्टरला फोन केला. हात तसाच होता.

परत आले. धाकटीच्या खाटेजवळ कुणी नव्हतं. मी दारातच थांबले, हात एप्रनच्या खिशांत घालून. तिचे डोळे मिटलेले होते.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आता सोड ना. दुखतंय."

आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं.

मी खिशातली उजवी मूठ उघडायला गेले. उघडेना.