चार वाक्यांची साक्ष

नऊ माणसं, चौदा बॅगा आणि औषधांच्या तीन पेट्या विमानतळाबाहेर सुखरूप आल्या, तेव्हा कुठे मेट्रनबाई घोटभर पाणी प्यायल्या. उभा जन्म इस्पितळात गेलेला. माणसं रांगेत उभी करणं त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. त्या निवृत्त झाल्या, पाठोपाठ नवरा गेला, मुलगा आपल्या संसारात गुंतला. चर्चच्या पाळकांनी परदेशातल्या दहा दिवसांच्या सेवाकार्याचं पुढारीपण गळ्यात घातलं तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. घरी वाट बघणारं होतं कोण?

गाव लहान. एक प्रार्थनाघर, त्याला लागून शाळेच्या दोन खोल्या. सकाळी सोबत आलेले सुतारमामा आणि पोरं छपराचे गंजलेले पत्रे काढायची, एका खोलीत तरुण डॉक्टरीणबाई आणि मेट्रनबाई रोगी तपासायच्या. दुपारी चारला प्रार्थना.

पहिल्या प्रार्थनेला पुढारी म्हणून चार शब्द बोलायचे होते. मेट्रनबाईंनी इंग्रजीत चार वाक्यं लिहूनच आणली होती. आमच्या मंडळीचा नमस्कार. आम्ही सेवेला आलो आहोत. आमच्याकडून चुका झाल्या तर क्षमा करा. आमच्यासाठी प्रार्थना करा. दुभाषी म्हणून गावातली शिवणाची बाई शेजारी उभी होती. वाक्यं संपली आणि मेट्रनबाई हातातल्या कागदाकडे बघत थांबल्या. बाईचा आवाज मात्र पुढे चालूच राहिला. संथ, खालच्या पट्टीतला. त्यांनी मान वर केली तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि घसा कोरडा पडला होता.

‘चार वाक्यांचं हिने पुराण केलं,’ त्या मनात म्हणाल्या.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठून आली आणि तिने मेट्रनबाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग दुसरी आली. मग सगळेच. प्रत्येक जण उजवाच हात धरत होता, भाजलेल्या माणसाचा धरावा तसा, जपून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलासमोर कोणी बसेना. डॉक्टरीणबाईंपुढे रांग दारापर्यंत, आणि इकडे खुर्ची रिकामी. इंजेक्शन घ्यायचं असलं की माणसं दंड पुढे करायची तो डॉक्टरीणबाईंकडे. मेट्रनबाईंकडे बघून मात्र कळवळ्याने हसायची. रोज चारला त्या तीच चार वाक्यं बोलायच्या, आणि रोज साडेचार वाजून जायचे.

चौथ्या दिवशी त्यांनी शिवणाच्या बाईला गाठलं.

“तुम्ही यांना माझ्याबद्दल काय सांगता?”

“तुम्ही म्हणता तेवढंच,” ती गोंधळून म्हणाली. “पदरचा एक शब्द नाही.”

पाचव्या दिवशी त्यांनी सुतारमामांना प्रार्थनेचं मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं.

“घेतलंय बाई,” दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात देत मामा म्हणाले. “पण तुम्ही भारी पोचलेल्या हं! इथली भाषा शिकलात आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत!”

मेट्रनबाई फोन घेऊन शिवणाच्या खोलीत गेल्या. बाई मशीनवरून उठून शेजारी उभी राहिली. पडद्यावर मेट्रनबाई चार वाक्यं बोलल्या. बाईने ती चार वाक्यं सांगितली, आणि मान खाली घालून ती गप्प झाली.

पडद्यावरच्या मेट्रनबाईंनी कागद मिटला. चष्मा काढला. आणि त्या बोलू लागल्या.

“ही तुमची भाषा आहे?” मेट्रनबाईंनी विचारलं. त्यांना एक शब्द कळत नव्हता.

“आमच्या आज्या असं बोलायच्या. आता असं कोणी बोलत नाही.” बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्हाला येत नाही?”

“मी काय म्हणतेय ते सांगा.”

बाई थांबून थांबून सांगू लागली. “अकरा नंबरची खाट. दुपार. त्याला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. ट्रेमध्ये दोन सारख्याच कुप्या होत्या. मी नाव न वाचता सुई भरली. तो म्हणाला, सिस्टर, हात हलका आहे तुमचा. मग त्याने डोळे फिरवले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. मी कुपी रुमालात बांधून घरी नेली.”

मशीनवर कापड अर्धवट शिवलेलं पडलं होतं. मेट्रनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. डोळे मिटून केलेल्या प्रार्थनेतही नाही. नर्सिंगच्या पोरींच्या कितीतरी तुकड्यांना ‘वाचल्याशिवाय सुई भरायची नाही’ म्हणून त्यांनी धारेवर धरलं होतं, आणि एकीलाही कारण सांगितलं नव्हतं.

“त्याचं नाव तेवढं सांगायचं राहिलंय,” बाई हळूच म्हणाली. “रविवारी सांगेन म्हणालात.”

चौतीस वर्षांत ते नाव त्यांच्या जिभेवर आलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी मुलाला फोन लावला. “बाळा, तुला एक सांगायचं होतं...”

“आई, कामात आहे गं. तू बरी आहेस ना? मग नंतर बोलू.”

बरी आहे, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी त्यांनी बोलायचं काम डॉक्टरीणबाईंवर सोपवलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर, कडेला बसल्या. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. रुमालाची घडी त्यांनी ओठांवर घट्ट दाबून धरली. डॉक्टरीणबाई बोलल्या. शिवणाच्या बाईने सांगितलं. नमस्कार झाला, आभार झाले.

मग सगळं शांत झालं. नवे पत्रे उन्हाने कडकड वाजत होते.

मेट्रनबाईंचे ओठ मिटलेले होते. त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपूनही पाहिलं.

पुढच्या बाकांवरची माणसं एकेक करून मागे वळली. पण त्यांच्याकडे नाही, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. सगळी ऐकत होती. मध्येच कोणी मान डोलावली. घरातला वडीलधारा गमतीचं काही बोलला की हसतात, तसं कोणी हसलं. म्हातारीने डोळे पुसले.

बराच वेळ गेला.

मग रांग लागली. प्रत्येकाने मेट्रनबाईंचा उजवा हात धरला. मग एक पाऊल सरकून, थोडं वाकून, रिकाम्या जागेवरचाही एक हात धरला.

म्हातारी सगळ्यांत शेवटी आली. तिने तो हात उचलला, आणून मेट्रनबाईंच्या हातात ठेवला, आणि निघून गेली.

मेट्रनबाईंनी मान वळवली नाही. सवयीने त्यांची दोन बोटं त्या हाताच्या मनगटाकडे सरकली.

हात ऊबदार होता. नाडी लागत नव्हती.