लाल खिशाची गोधडी

"त्या वामनरावाले काही लाज हाये का नाही? माह्या गोधडीवर दुसऱ्या बाईचं नाव!"

पुसदच्या प्रदर्शनाच्या मांडवात इंदूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. शाळा दुसरीपर्यंत, वाचता येई ते स्वतःचं नाव तेवढं. चिठ्ठीवर ते नव्हतं, हे मात्र त्यांना पक्कं कळलं होतं.

"'भागीरथा' लिहिलंय, आजी," नात पायल म्हणाली. "म्हणजे वामनकाकांच्या घरच्या काकू!"

मांडवाचे कारभारी वामनराव हसले. "चिठ्ठ्या जीपमधून उडाल्या, इंदूबाई. अंदाजानं लावल्या. गोधड्या साऱ्या सारख्याच!"

त्या वर्षी बोंडअळीनं आर्णीकडचा कापूस फस्त केला होता. दिवाळीला फटाके नव्हते, एस.टी.नं पुसद गाठलं, हीच मुलांची सुट्टी! पहिल्या नंबरच्या गोधडीला एका वसतिगृहाचं पन्नास गोधड्यांचं काम मिळणार होतं. कापूसच नाही तर वेचणी कुठली? गावातल्या बाया हिवाळाभर पुरेल अशा त्या कामाची वाट पाहत होत्या. आणि परीक्षक तीन वाजता येणार होत्या!

"घरी पाहिली तं अशी नव्हती दिसत," पायलची मैत्रीण समीक्षा पुटपुटली.

पायलचा भाऊ संघर्ष गोधडीसमोर गेला आणि चक्क हातांवर उलटा उभा राहिला!

"अरे पोट्ट्या, मान मोडशील!"

"आता बरोबर दिसते! आजी, गोधडी उलटी टांगली!"

इंदूबाईंना ते केव्हाच दिसलं होतं. नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना नेसलेलं त्यांचं पांढरं लुगडं गोधडीत उशाकडे होतं. तेच आता खाली मातीत लोळत होतं. म्हणून तर त्या एवढ्या ओरडत होत्या.

तेवढ्यात पायल वाकली. गोधडीखाली एक सागरगोटा पडला होता! तिनं तो मुठीत लपवला आणि दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं.

तीनच्या ठोक्याला परीक्षक, चित्रकलेच्या शिक्षिका विमलताई, आल्या.

"काका," संघर्षनं भोळा चेहरा करून विचारलं, "या गोधडीचं उसं कोणतं?"

"वरचं! काळं वर कसं उठून दिसते!"

"मंग पायाची माती पांढऱ्यावर पुसायची का?" समीक्षा म्हणाली. मांडवात हशा पिकला!

इंदूबाई पुढे झाल्या. "काळं जड असते, ते पायाशी. हे आमच्या घरच्यांच्या छत्रीचं कापड. पांढरं उशाशी, मोकळं. माणसाले श्वास लागते, तशी नजरेले जागा लागते. अन् लाल एकच तुकडा, तोही जरा बाजूले. मधोमध लावला तं नजर खुट्याले बांधल्यावानी तिथंच बसते. बाजूले लावला तं सारी गोधडी फिरून येते."

"अहो, मी आठवीला हेच शिकवते," विमलताई थक्क झाल्या, "पण इतकं सोपं करून नाही!"

"बोलणं ठीक हाये," वामनराव कुरकुरले. "पण गोधडी तुमचीच, याचा पुरावा?"

"तो लाल तुकडा माह्या फ्रॉकचा हाये!" पायल ओरडली. "त्याले खिसा हाये. खिसा ठेवशील तंच फ्रॉक देतो, म्हटलं होतं मी आजीले. आतलं अस्तर हिरवं, पिवळ्या ठिपक्यांचं!"

टाक्यांच्या ओळींत दडलेला खिसा विमलताईंनी चाचपून शोधला आणि अस्तर बाहेर ओढलं. हिरवं! पिवळे ठिपके!

पायलनं मूठ उघडली. "अन् हा सागरगोटा त्यातच होता. खिसा उलटा झाला अन् खाली पडला!"

"शाब्बास, पोरांनो!" विमलताईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "पहिला नंबर याच गोधडीचा!"

गोधडी सुलटी झाली. पांढरं लुगडं वर गेलं, आणि क्षणभर इंदूबाईंना नागपूरचं ते ऊन दिसलं. शेजारी घरचे, बाबाराव; छत्री सारी इंदूबाईंवर, स्वतः उन्हात. "तुले ऊन लागन," म्हणणारे. छत्री आता पायाशी, लुगडं उशाशी. सारं जागच्या जागी.

वामनरावांनी खाली मान घालून नवी चिठ्ठी घेतली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत घाईघाईनं नाव खरडलं.

इंदूबाईंनी ती चिठ्ठी उचलून त्यांच्याच हातात परत दिली.

"वामनराव, गोधडी उलटी टांगली, ते माफ. पण बाईचं नाव अंदाजानं लिहिता, ते नाही. दुसरा कागद घ्या. नाव मोठं लिहा, अन् भोवताल जागा सोडा!"