चौथी गल्ली आजारी का पडली नाही?

खाणवस्तीत तीन दिवसांत एकोणीस जणांना कॉलरा झाला होता. सगळे खालच्या तीन गल्ल्यांतले. चौथ्या गल्लीत मात्र एकही रुग्ण नव्हता. नळ सगळ्यांना एकच.

आरोग्य खात्याचं बोलतं तपासणी यंत्र नळापाशी उभं होतं. सकाळी पाणी शुद्ध निघालं होतं, पण सर्व रुग्णांमधली समान गोष्ट नळच, म्हणून बारा वाजता तो बंद होणार होता. मग उरलं असतं खाणीतलं हिरवं डबकं.

"नळ बंद केल्यावर काय तुझं तेल प्यायचं, डब्या?" पाण्याच्या रांगेतल्या यल्लूआक्का यंत्राला म्हणाल्या.

बायका हसल्या. रेणुका हसली नाही. घरी तिच्या आजारी धाकट्या भावाला, परशाला, घोटाघोटानं मीठ-साखरेचं पाणी पाजणं चालू होतं.

"चौथी गल्लीही याच नळाचं पिते," ती यंत्राला म्हणाली. "मग नळ दोषी कसा?"

ही विसंगती यंत्रानं मान्य केली. पण दुसरं कारण सापडेपर्यंत नियम बदलणार नव्हता.

अकरा वीस झाले होते. रेणुका चौऱ्याऐंशी पायऱ्या धावत चढून वरच्या चौथ्या गल्लीत गेली. तिथं कुणी पाणी उकळत नव्हतं. धापा टाकताना पाहून एका मावशीनं कॅन तिरका करून तिला पाणी ओतून दिलं. पायऱ्यांवर हंडा हिंदकळतो, म्हणून इथं सगळ्यांकडे बारीक तोंडाचे कॅन होते.

रेणुका कॅनच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यात हात जातच नव्हता. तिच्या घरी सगळे हंड्यात पेला बुडवत, बोटांसकट.

तिनं कॅन उचलून खाली आणला आणि यंत्राला घरातला हंडाही तपासायला लावला. कॅन स्वच्छ होता. हंड्यात कॉलऱ्याचे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) होते.

यंत्रानं समजावलं: रुग्णाची घाण काढणाऱ्याच्या बोटांवरून जिवाणू हंड्यात उतरतात आणि हंड्यातून साऱ्या घराच्या पोटात. याला संसर्ग (रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाणं) म्हणतात. बोटं आणि पाणी वेगळी ठेवली की ही वाट तुटते.

बाराला चार मिनिटं असताना यंत्रानं नळाची बंदी मागे घेतली.

यल्लूआक्कांनी दारोदार हंडे रिकामे करून घासून घेतले. वरून कॅन आले. ज्यांना पुरले नाहीत त्यांनी झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं. साबण प्रत्येक दारात आला.

सहाव्या दिवशी नवा रुग्ण नव्हता. परशा उठून भाकरी मागत होता.

दुसऱ्या वस्तीकडे निघताना यंत्रानं आपल्या तपासणीच्या यादीत पहिला प्रश्न नवा घातला आणि बरोबर आहे का, ते रेणुकाला विचारलं:

"तुमच्या घरी पाणी कसं काढून घेता?"