दान दिलेली गाडी गेली कुठे?

सकाळी आठला मुख्याध्यापिका वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"गाडी चोरीला गेली हो! अकराला लिलाव आहे!"

गाडी साधीसुधी नव्हती. विजेवर वाऱ्यासारखी पळणारी, साऱ्या जगात अशा अठ्ठावीसच. एका कारखानदाराने ती भर सभेत कर्णबधिर मुलांच्या शाळेला देऊन टाकली होती. लिलाव त्याच्याच बंगल्यात व्हायचा होता, तोवर गाडीही तिथेच होती. लिलाव झाला तर शाळेला स्वतःचं छप्पर मिळणार होतं. नाही तर महिनाअखेर जागा सोडून एकेचाळीस मुलं घरी बसणार.

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या वहिनींनी शांतपणे पदर खोचला. "भाऊजी, निघायचं."

त्यांचे मदतनीस म्हणजे त्यांचे धाकटे दीर. "चोर एव्हाना समुद्रापार गेला असेल, वहिनी."

"आपण आधी फाटकापार जाऊ."

कारखानदाराच्या बंगल्याच्या फाटकातच भाऊजी ठेचकाळले. "हा काय गतिरोधक आहे? म्हैस लोळल्यासारखा!"

"जावईबापूंचा वेग आवरायला घातलाय," बंगल्याचा ड्रायव्हर म्हणाला. तो फाटकाशेजारच्या खोलीतच राहायचा. "काल झोपताना गाडी मीच चार्जिंगला लावली. सकाळी सातला शटर उघडलं, तर आत नुसती हवा. आवाज म्हणून आला नाही."

"विजेच्या गाडीला कसला आवाज?" भाऊजी तज्ज्ञासारखे म्हणाले.

गॅरेज लख्ख होतं. चार्जिंगची केबल खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळून टांगलेली. कोपऱ्यात दोन जाड फळ्या भिंतीला टेकलेल्या, आणि फळ्यांपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळ्याचा ऐसपैस संसार मांडलेला.

"या फळ्या कशाला?"

"गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं, बाई. गतिरोधकावर फळ्या टाकल्याशिवाय पोट घासतं. म्हणून साहेब तिला अंगणातच फिरवतात."

"केबल छान गुंडाळलीय."

"तो साहेबांचा हात. मी गोल गुंडाळली की ओरडतात."

घरात दोन फोन आणि टीव्ही एकाच वेळी चालू होते. जावई समोर आला. "हो, मला हवी होती गाडी. मागितलीही. सासरेबुवांनी बसूसुद्धा दिलं नाही!" तो सासऱ्यांकडे वळला. "बाबा, वायफायचा पासवर्ड काय हो?"

"गेली ते बरं झालं," कारखानदारांच्या पत्नी, बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्या कमरेएवढी ती. आत बसायचं म्हणजे लोटांगणच घालायचं. अहो, नळवाला आलाय, ऐकताय का?"

कारखानदार साहेब सोफ्यात रुतून बसले होते. "पोलीसबिलीस नको. गेली ती गेली. माझं नशीब."

"नशीब आमचं गेलंय, साहेब," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

अंगणात गॅरेजला लागूनच व्यासपीठ उभारलं होतं, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत झालर सोडलेलं. भाऊजींना चढता येईना. ड्रायव्हरने खांद्याला धरून त्यांना वर ओढलं.

"पाहुण्यांना काय शिडी लावणार?" भाऊजींनी त्याला विचारलं.

"दोन फुटांचं ठरलं होतं. काल घरातून निरोप आला, चार फूट करा, मधले खांब काढा, कडेला जाड लोखंड लावा. मांडववाला शिव्या घालत गेला."

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. "सगळ्यांना इथे बोलवा."

साडेदहाला घरची मंडळी व्यासपीठासमोर जमली.

"गाडी फाटकाबाहेर गेलेलीच नाही," वहिनी म्हणाल्या. "फळ्यांशिवाय ती गतिरोधक ओलांडत नाही, आणि फळ्यांवरचं जाळं शाबूत आहे."

"मग चोराने जाळं परत विणलं असेल," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, खाली उतरा. आता, काल गाडी चार्जिंगवर होती. म्हणजे केबल काढली ती नेणाऱ्यानेच. चोर असता तर केबल फेकून पळाला असता. याने आठाच्या आकड्यात गुंडाळून खुंटीला लावली. सवय माणसाला सोडत नाही. आणि दोन फुटांचं व्यासपीठ अचानक चार फुटांचं कशाला? कमरेएवढी गाडी मावायला."

सगळे साहेबांकडे वळले. साहेब झालरीकडे बघत होते.

"तुम्ही?" बाईसाहेब ओरडल्या. "स्वतः दिलेली गाडी स्वतःच चोरलीत?"

"भर सभेत बोलून गेलो. मग द्यायला जीव होईना," साहेब म्हणाले. "रोज संध्याकाळी तासभर नुसता बसतो तिच्यात. काचा वर करून. कोणी पासवर्ड विचारत नाही. नळवाला येत नाही."

"म्हणजे संध्याकाळची ती रोजची महत्त्वाची मीटिंग..." बाईसाहेब म्हणाल्या.

"तीच."

फाटकाशी पाहुण्यांची पहिली गाडी थांबली.

"अजून काही बिघडलेलं नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "सगळे जमले की झालर तुम्हीच ओढा. लोक म्हणतील, काय थाटात दान केलं! पण हात तुमचाच हवा, साहेब. मी ओढली तर ती चोरी ठरेल."

अकराला साहेबांनी झालर ओढली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिकांनी तळहात पुढे केला. साहेबांच्या मुठीतून किल्लीचं कार्ड काही सुटेना.

बाईसाहेब त्यांच्या कानाशी लागल्या. "घरात चौदा खोल्या आहेत. एक तुमची. रोज त्या तासाभरात कोणी दार वाजवलं, तर गाठ माझ्याशी. जावई असला तरी."

साहेबांनी कार्ड तळहातावर ठेवलं. मग बायकोला हलकेच विचारलं, "आतून कडी आहे अशी कोणती?"