अंतोनबाबांची टोपली

सलोमीनं झुमका मुद्दाम सोडला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं... म्हणजे पुढचे नऊ दिवस तिच्या जिवाची जी तगमग झाली, तिचं खापर दुसऱ्या कुणावर फुटायला नको.

झालं असं, की संत अंतोनच्या नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पहिल्या दिवशी ती सणाच्या पताका घेऊन जाफराबादहून गावी निघाली. काळी-पिवळी जीप खच्चून भरलेली, जागा उरली ती ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर नवा, पलीकडच्या गावचा शांतवन. गिअर टाकताना दर वेळी म्हणायचा, "सांभाळा हं..." आणि आरशात बघून हसायचा. उतरताना सलोमीचा हात कानाकडे गेला, झुमका निघाला आणि सीटवर राहिला. तो द्यायला तरी येईलच की!

तो आला. नोव्हेनाला माणसं घेऊन रोज संध्याकाळी येऊ लागला. पण –

"झुमका सापडला का?"

"शोधून राह्यलो की."

"सीटखाली पाह्यलं का बराबर?"

"तुम्हीच या ना एकदा. दोघं मिळून पाहू..."

ती लाजून पळायची आणि घरी जाऊन कपाळाला हात लावायची. खरंच हरवला की काय? रात्री झोप नाही, दिवसा चुलीवरच्या दुधाकडे लक्ष नाही.

त्यात आईनं, मालनबाईनं, रिकामा कान पाहिला आणि अंतोनबाबांना नवस बोलली. गावची रीतच होती. हरवलेली वस्तू सापडली, की सणाच्या मिस्सानंतर, म्हणजे मोठ्या प्रार्थनेनंतर, देवळात टोपलीत भाकरी टाकायची आणि काय सापडलं ते सगळ्यांसमोर बोलायचं. मग फादर त्या भाकरींना आशीर्वाद देऊन त्या वाटायचे. आई रोज गुडघे टेकायची आणि शेजारी बसलेल्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि सगुणामावशीनं अंबडचं स्थळ आणलं होतं. पाहुणे सणालाच जेवायला येणार होते. सलोमीनं चहा पुढं नेला, की बोलणी पक्की!

आदल्या संध्याकाळी तिनं जीप गाठली.

"उद्या मला पाह्यला येऊन राह्यलेत."

शांतवन बॉनेट पुसत राहिला. ते आधीच लख्ख होतं.

"मंग... तुमच्या मनात काय हाय?"

"झुमका द्या आधी!" ती चिडून म्हणाली आणि वळून चालू लागली. त्यानं हाक मारावी असं तिला फार वाटत होतं. त्यानं मारली नाही.

सणाला टोपली मांडली. कुणाची शेळी सापडली होती, कुणाची गोठ्याची किल्ली. शेवटी शांतवन उठला. हातात एक वेडीवाकडी भाकरी, उघडच स्वतः थापलेली. तिच्यावर झुमका.

"हा पहिल्याच दिवशी सापडल्ता," तो खाली बघत म्हणाला. "दिला असता, तर ती रोज बोलायला आली नसती... चुकी माझी हाय."

कुजबुज झाली. "चोरच म्हणायचा की!" सगुणामावशी पुटपुटली. सलोमी गप्प बसली असती तर तो चोर ठरला असता आणि तिला अंबडच्या पाहुण्यांपुढं चहा न्यावा लागला असता. ती उभी राहिली.

"फादर, झुमका हरवलाच नव्हता. मीच सोडून आल्ते."

"कशापायी गं?" फादरांनी विचारलं.

"यांनी परत यावं म्हणून... मला हेच आवडतात."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. फादरही हसू दाबत म्हणाले, "नऊ दिवस अंतोनबाबांना उगाच कामाला लावलं तुम्ही दोघांनी!"

मालनबाई मात्र हसली नाही. तिनं आपल्या नवसाच्या भाकरी टोपलीत टाकल्या, शांतवनच्या हातातला झुमका घेतला आणि लेकीच्या कानात घातला, जरा जोरातच. सलोमीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पाहुण्यांचा चहा मी नेते," आई हळूच म्हणाली. "तू बस हितंच."

मग शांतवनकडं वळून म्हणाली, "अन् तुम्ही जेवल्याबिगर जाऊ नका."