नोव्होत्नींच्या घरापाशी वळ

त्या दुपारी मी व्हर्नाच्या खानावळीत गेलो होतो तो फक्त दिव्याच्या काचेसाठी. माझी तडकली होती. व्हर्ना माझ्या बायकोची धाकटी बहीण. बायको जाऊन वर्षं झाली, पण हिने मला दाजी म्हणायचं आणि टोमणे मारायचं सोडलं नाही.

"काच कसली शोधता दाजी, तुम्हाला दिसतंय कुठे उजेडात तरी?"

"तू दिसू नयेस म्हणूनच अंधारात बसतो," मी म्हटलं.

आमचं गाव नेब्रास्काच्या सपाटीवर, ताटात एकच शीत उरावं तसं. धान्याची एक उंच कोठी, एक रस्ता, एक टेकडी, आणि टेकडीवर दफनभूमी. गावाबाहेरच्या पाटीवर लोकसंख्या एकशे बारा लिहिली आहे, ती रंगवली तेव्हाही खरी नव्हती. खाली राहणाऱ्यांपेक्षा वर राहणारे कधीच जास्त झालेत.

त्या दिवशी मात्र दोन माणसं वाढायची होती. माझी नात डॅनिका आणि तिची चार वर्षांची टेस. डॅनिकाचा नवरा जानेवारीत गेला, एका रात्रीत. आता मार्च. "आजोबा, मी तिकडेच येऊन राहते," एवढंच तिने कळवलं होतं. अ‍ॅरिझोनात वाढलेली पोर. गाव तिने पाहिलेलं नव्हतं, आणि बर्फ पाहिला होता तो कॅलेंडरवर.

दुपार कलली आणि वारा फिरला. आधी कोठी दिसेनाशी झाली, मग समोरचं पोस्ट, मग खिडकीबाहेरचा खांबसुद्धा. नुसतं पांढरं. मार्चमधलं हिमवादळ असंच येतं, सांगून नाही.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्याकडे फोन नाही, म्हणून डॅनिकाने खानावळीतच लावला होता, हायवेवरच्या पेट्रोलपंपावरून. व्हर्ना मोठ्याने तिला रस्ता सांगू लागली.

"हे बघ बाळ, डेअरीपाशी हायवे सोड. मग सरळ उत्तरेला ये. नोव्होत्नींचं पांढरं घर आलं की उजवीकडे वळ, लगेच पुन्हा डावीकडे. मग चर्चचा मनोरा दिसेल, तो धरून ये. काही चुकत नाही गं!"

बोलता बोलता फोन मेला. व्हर्नाने तो खाली ठेवला आणि हात पुसले. मी तिच्याकडे बघत राहिलो.

"व्हर्ना... डेअरी कुठे आहे आता?"

तिचे हात थांबले.

आम्ही सगळे असाच रस्ता सांगतो. जे पडलं, जळलं, विकलं गेलं, त्याच्याच खुणेने वळतो, कारण आम्हाला ते दिसतंच. लोण्याची डेअरी माझ्या लग्नाच्या आधी पडली. नोव्होत्नींचं घर जळालं, आता तिथे मका असतो. चर्च उतरवलं, घंटा कुणीतरी विकत नेली. परक्या माणसाला तिथे काहीही दिसत नाही.

आणि नोव्होत्नींपाशी रस्ता तुटतो, थोडा उजवीकडे सरकून पुन्हा सरळ लागतो. जमीन मोजणाऱ्यांनी सरळ रेषा आखल्या, पण पृथ्वी पडली गोल. कुठेतरी सांधा मारावा लागला, तो आमच्या वाट्याला आला. तिथे वळलं नाही तर समोर रेतीच्या खाणीचा खड्डा. त्यात पाणी, पाण्यावर पातळ बर्फ.

"मी मारलं तिला," व्हर्ना पुटपुटली. "दाजी, मी मारलं पोरीला."

मी कोट चढवला. तिने दाराला पाठ लावली. "तुम्ही पायरी उतरलात की हरवाल. मग मी तिघांना शोधू?"

खरं होतं ते. दार उघडलं तर माझाच हात मला दिसेना. आम्ही होते नव्हते ते दिवे खिडकीत ठेवले आणि बसलो. वारा पत्र्याखाली शिरून कण्हत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग वास आला. ताज्या ताकाचा... आणि त्याच्यामागून जळक्या लाकडाचा.

"तुम्हाला..." व्हर्ना म्हणाली.

"हं."

बाहेरून पावलं गेली. एक-दोन नाही, पुष्कळ. जड बूट, बायकांचे हलके पाय, कुणाची तरी काठी. कुणी बोलत नव्हतं. सगळी टेकडीकडून येत होती आणि दक्षिणेला, रस्त्याकडे चालली होती. व्हर्नाने माझी बाही घट्ट धरली. आणि वाऱ्याच्या वर, अगदी सावकाश, घंटा वाजू लागली... जिथे चर्च नाही तिथून.

मी टोपी काढली. दुसरं काय करणार?

घंटा थांबली तेव्हा खिडकीत दोन पिवळे दिवे उभे होते. गाडी! डॅनिका आत आली ती टेसला कवटाळून, थरथरत, पण हसत.

"व्हर्नाआजी, तू सांगितलंस तस्संच निघालं सगळं! पांढऱ्या घराच्या दारात माणसं कंदील घेऊन उभी होती, हात करून वळवत होती. एवढ्या थंडीत! किती चांगली आहेत गं इथली माणसं."

व्हर्ना खुर्चीवर बसली. मीच विचारलं, "आणि डेअरीपाशी?"

"तिथे एका म्हातारीने काच खाली करायला लावली. विचारलं, किती जण आहात? मी म्हटलं, दोघी. तिने कंदील वर धरला, नीट पाहिलं आणि म्हणाली, तिघं."

पूर्वी वादळात अशी विचारायची पद्धत होती, कुणाला शोधायचं राहू नये म्हणून. मी ते सांगणार होतो, पण डॅनिकाचा हात पोटावर गेलेला मला दिसला.

"मी अजून कुणालाच सांगितलं नाहीये, आजोबा," ती हळूच म्हणाली.

व्हर्ना रडली, हसली आणि सूप गरम करायला उठली. कापणीच्या आधी मुलगा झाला. गावात किती तरी वर्षांनी पाळणा हलला, आणि टेकडीसुद्धा तेव्हापासून मला एवढी मोठी वाटत नाही.

पण त्या संध्याकाळी वारा पडल्यावर मी तिची बॅग आणायला गाडीकडे गेलो. चालवणाऱ्याच्या शेजारची बाजू उघडली, जिथे एरवी तिचा नवरा बसत असेल ती. सीट रिकामी होती. खाली मात्र दोन मोठ्या बुटांचे ठसे होते, बर्फ अजून विरघळायचा होता. गाडीबाहेर, त्याच दाराशी, तेच ठसे. रस्त्याकडून आलेले, आत शिरलेले. बाहेर पडलेले नव्हते.

मी बॅग उचलली. मग दार हळूच लावून घेतलं, आतल्याला थंडी लागू नये म्हणून.